आधी मोजा, मग विकत घ्या

गावातल्या मुलांना विज्ञान आणि पैशाचे व्यवहार कसे शिकवायचे, याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीची मिळून चाळीस मुलं आहेत. ग्रामपंचायत विज्ञान साहित्यासाठी २५,००० रुपये द्यायला तयार आहे. एक विक्रेता २२,००० रुपयांत चार रोबोटिक्स किट आणि दोन दिवसांचं प्रशिक्षण देतो म्हणतो. घ्यावं का?
— शिक्षक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : घेऊ नका. चार किट आणि चाळीस मुलं म्हणजे एका किटभोवती दहा जण. त्यातले दोघं जोडणार, आठ जण माना उंचावून पाहणार. अशा किटमधला एखादा खास भाग तुटला की तो बाजारात सुटा मिळत नाही, आणि १५० रुपयांच्या भागासाठी कागदपत्रांची खटपट कुणी करत नाही. पुढच्या वर्षी किट कपाटात जातं.

पाच-पाच मुलांचे आठ गट करा आणि सुटं साहित्य घ्या. आठ डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज, प्रवाह आणि रोध मोजायचं यंत्र, साधारण ३०० रुपयांचा एक), आठ ब्रेडबोर्ड (डाग न देता सर्किट जोडायची भोकांची पट्टी), २०० लाल एलईडी, २२० ओहम, १ किलोओहम आणि १० किलोओहमचे शंभर-शंभर रेझिस्टर, तीन पेन्सिल सेल बसतील असे आठ होल्डर, एक ग्रॅमपर्यंत मोजणारे दोन स्वयंपाकघरातले वजनकाटे, आठ थर्मामीटर, १०० मिलिलिटरची आठ प्लास्टिकची मोजपात्रं. हे सगळं आठ-दहा हजारांत बसतं. अर्डुइनोचे (संगणकावरून सूचना भरून चालवायचे छोटे इलेक्ट्रॉनिक) चार बोर्ड दुसऱ्या वर्षी घ्या. उरलेले पैसे सेल, फ्यूज आणि मोडतोडीसाठी ठेवा. हीच रक्कम बहुतेक शाळा राखून ठेवत नाहीत.

पहिला तास असा घ्या. तीन सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले २.५ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात, म्हणजे प्रवाह सुमारे ११ मिलिअँपिअर. हे आधी फळ्यावर काढा, मग मुलांना मल्टिमीटरने रेझिस्टरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज मोजू द्या. गणितातला आकडा आणि मल्टिमीटरवरचा आकडा जुळला की ओहमचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही. एक एलईडी रेझिस्टरशिवाय जोडून मुद्दाम जाळून दाखवा. दोन रुपयांत तो धडा स्वस्त आहे.

मल्टिमीटर बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: लाल वायर प्रवाह मोजायच्या भोकात राहते आणि मूल त्याच अवस्थेत सेलचा व्होल्टेज मोजायला जातं. थेट शॉर्ट होतो. स्वस्त मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजच नसतो, म्हणून ते भोक पहिल्याच दिवशी चिकटपट्टीने बंद करा. घरच्या २३० व्होल्टच्या विजेला मल्टिमीटर लावायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहा आणि त्याला अपवाद ठेवू नका.

विजेचं गणित शिकवायला मात्र मीटरला हात लावायचीही गरज नाही. घरोघरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो ते पाटीवर छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा ६४००. घरातलं सगळं बंद करून एकच पंखा चालू ठेवायचा आणि पाच मिनिटं लुकलुक मोजायची. ३२००च्या मीटरवर २० वेळा झाली तर पंखा ७५ वॅटचा (२० भागिले ३२००, गुणिले १२, कारण तासात पाच मिनिटं बारा वेळा येतात; म्हणजे ०.०७५ किलोवॅट). नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा असेल तर तोच आकडा ८च्या आसपास येतो, म्हणजे ३० वॅट. रोज १२ तास चालला तर महिन्याला १६.२ युनिटांचा फरक. युनिट ५ रुपयांचं धरलं तर ८१ रुपये. २,७०० रुपयांचा नवा पंखा पैसे फेडायला सुमारे ३३ महिने घेतो. जुना पंखा धड असेल तर बदलावा का, हे मुलांनाच ठरवू द्या. हिशोबाला दर मात्र आपापल्या घरच्या बिलावरचा घ्यायचा.

आकडा फसतो तेव्हा बहुधा इन्व्हर्टर कारणीभूत असतो. भारनियमनानंतर तो गुपचूप चार्ज होत असतो आणि लुकलुक वाढवतो. फ्रिजही मधेच सुरू होतो. दुपारच्या उजेडात दिवा दिसत नसेल तर मोबाइलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून नंतर मोजावं.

प्रश्न : आमचा बचत गट २ टक्के महिन्याने कर्ज देतो. गावात येणारी फायनान्स कंपनीही २ टक्केच म्हणते. १२,००० रुपयांवर वर्षभरात गटाला व्याज १,५६० रुपये झालं, कंपनीचं २,८८० होतं. नववीतली मुलगी म्हणते कंपनी फसवते. खरं काय?
— बचत गटाच्या सदस्य, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : ताई, मुलीने नेमका प्रश्न विचारला आहे. दोघांचा दर सारखा सांगितला जातो, पण व्याज कशावर लावायचं ते वेगळं आहे.

गटात दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल परत जातं आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर लागतं. पहिल्या महिन्यात १२,००० वर २४०, दुसऱ्यात ११,००० वर २२०, तिसऱ्यात २००, असं करत शेवटच्या महिन्यात फक्त २० रुपये. बेरीज १,५६०. दुसऱ्या पद्धतीत बाराही महिने पूर्ण १२,००० वरच २४० रुपये लागतात. अकरा हजार परत केल्यावरही व्याज बारा हजारांवर. म्हणून २,८८०. याला फ्लॅट दर म्हणतात. गटाच्या भाषेत मोजलं तर हे कर्ज महिन्याला साधारण साडेतीन टक्क्यांचं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वरचं पडतं.

हा तक्ता मुलीकडून वहीत बारा ओळींचा लिहून घ्या: महिना, सुरुवातीचं मुद्दल, व्याज, हप्ता, उरलेलं मुद्दल. आठवी-नववीच्या मुलांना सरळव्याज पुस्तकात असतं, पण हप्त्याने फिटणाऱ्या कर्जाला ते तसंच लावता येत नाही, हे पुस्तकात ठळकपणे येत नाही. गावातलं जवळजवळ प्रत्येक कर्ज हप्त्याचं आहे.

आता कंपनीबद्दल. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जाआधी मुख्य तथ्य पत्रक द्यायचं असतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक टक्केवारी लिहिलेली असते. सही करण्याआधी तो एकच आकडा शोधा आणि गटाच्या २४ टक्क्यांशी ताडून पाहा. पत्रक दिलं नाही तर सही करू नका. विम्याचा हप्ता आणि प्रक्रिया शुल्क कर्जातूनच कापून घेतलं जातं, तेव्हा हातात १२,००० पडले की ११,४००, हेही तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहा. शिवाय विनातारण सूक्ष्म कर्जाच्या नियमात घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या घरगुती उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत अशी मर्यादा आहे. चौथं कर्ज गळ्यात घालायला कुणी आलं तर हे वाक्य उपयोगी पडतं.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र नववीत आहोत. इन्स्पायर-मानकसाठी (शाळकरी मुलांच्या विज्ञान-कल्पनांची केंद्राची योजना) पऱ्हाटीच्या वावरात ओल मोजायचा सेन्सर लावला. पहिल्या आठवड्यात बरोबर दाखवत होता. आता पाऊस पडला तरी कोरडं दाखवतो, कधी उलटं. पुढे त्यावर मोटर आपोआप चालू करायची आहे.
— विद्यार्थी, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : तुमच्या चिठ्ठीवरून सेन्सर दोन उघड्या पायांचा दिसतो. तो दोन पायांमधला विद्युतरोध मोजतो. सतत वीज चालू ठेवली की ओल्या मातीत विद्युत अपघटन होतं आणि एका पायावरचा धातूचा मुलामा काही दिवसांत निघून जातो. काढून पाहा, एक पाय काळपट-हिरवा झालेला असेल. दुसरं, खत टाकल्यावर मातीत क्षार वाढतात, रोध कमी होतो आणि कोरडी मातीही ओली वाटते. हा सेन्सर ठेवायचाच असेल तर त्याची वीज अर्डुइनोच्या एखाद्या डिजिटल पिनवरून द्या आणि वाचन घेण्यापुरती एक सेकंद चालू करा.

त्यापेक्षा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, शंभर-सव्वाशे रुपयांत मिळतो. त्यात धातू उघडा नसतो. पण त्याच्या पट्टीच्या कडा कापलेल्या, उघड्या असतात आणि तिथून पाणी आत शिरतं. कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या, वरचे इलेक्ट्रॉनिक भाग मातीच्या वरच ठेवा. याचा आकडा ओल वाढली की कमी होतो, हे विसरून बरेच जण आलेख उलटा काढतात.

खरी अडचण तुमच्या काळ्या मातीत आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात. भेग सेन्सरला लागून पडली की पट्टीभोवती हवा राहते आणि सेन्सर हवेचं मोजमाप देतो, चार बोटांवरची माती ओली असली तरी. म्हणून बसवताना त्याच खड्ड्यातल्या मातीचा पातळ चिखल करून त्यात पट्टी रोवा, १५ सेंटिमीटर खोल, ठिबकच्या तोटीपासून वीतभर बाजूला. वाफसा गेल्यावर दर आठवड्याला भेग आली का ते पाहा. एकाच जागी दोन सेन्सर लावा. दोघांत मोठा फरक दिसला की एक सैल झालाय हे लगेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. सेन्सर ३८० दाखवतो, पण ३८० म्हणजे किती ओल, ते तुम्हालाच ठरवायचं आहे. सेन्सरजवळची माती काढा, लगेच वजन करा. समजा १२४ ग्रॅम भरली. स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून मंद आचेवर हलवत वाळवा, दर दहा मिनिटांनी वजन करा, लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. प्रयोगशाळेत हेच १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये करतात. माती धुरकटली तर आच जास्त झाली. सेंद्रिय भाग जळतो आणि वजन चुकतं, तो नमुना टाकून द्या. वाळल्यावर १०० ग्रॅम राहिली तर ओल २४ टक्के. पावसानंतर दर दोन-तीन दिवसांनी एक, असे पाच-सहा नमुने घ्या आणि सेन्सरचा आकडा व टक्केवारी आलेखावर मांडा. परीक्षकाला हा आलेख दाखवा. नुसता चमकणारा बोर्ड पुष्कळ शाळा आणतात.

पॉवर बँकेवर बोर्ड मधेच बंद पडतो, कारण इतका थोडा प्रवाह ओढला की बऱ्याच पॉवर बँका फोन भरला असं समजून स्वतःच बंद होतात. मोबाइल-संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. वावरात रात्रंदिवस वायरी सोडू नका, रानडुकरं उकरतात. सकाळ-संध्याकाळ हाताने वाचन घेतलं तरी प्रकल्पाला पुरेसं आहे. डबा टिनाच्या छपराखाली ठेवला असेल आणि त्यात डीएचटी ११ हा तापमानाचा सेन्सर असेल, तर तो ५० अंशांपर्यंतच मोजतो. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद डबा त्याच्या पुढे जातो.

मोटरला हात लावायचा नाही. शेतीपंप तीन फेजचा, ४०० व्होल्टच्या वरचा. तुमच्या किटमधला निळा रिले (बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच) त्यासाठी नाही. पाच व्होल्टचा छोटा पंप आणि बादली घेऊन तीच यंत्रणा दाखवा. शाळेकडून कल्पना वेळेत ऑनलाइन भरली गेली का ते मुख्याध्यापकांना विचारा. निवड झाली तर प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये विद्यार्थ्याच्या खात्यात येतात.

प्रश्न : मुलगी आठवीत एनएमएमएस (केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) पास झाली. आता दहावीत आहे. पहिल्या वर्षाचे पैसे आले, दुसऱ्या वर्षाचे नाही. बँक म्हणते आधार जोडलेलं आहे.
— पालक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : ही शिष्यवृत्ती नववी ते बारावी महिन्याला १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये. पण ती आपोआप पुढे जात नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो आणि तो आधी शाळेकडून, मग जिल्ह्याकडून तपासला जातो. मुलीने अर्ज भरला पण शाळेने तपासलाच नाही, असं फार ठिकाणी होतं. म्हणून आधी पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहा.

अर्ज ठीक असेल तर खातं तपासा. बँकेत आधार नोंदवणं आणि सरकारी पैसे येण्यासाठी आधार त्या बँकेशी जोडलेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका आधारला एका वेळी एकच बँक अशी जोडली जाते. मधल्या काळात पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत आधारवर नवं खातं काढलं असेल आणि अर्जावर संमतीची खूण केली असेल, तर पैसे तिकडे गेलेले असू शकतात. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. तिथे कोणत्या बँकेचं नाव येतं ते पाहून त्याच पासबुकात नोंद करून आणा.

नावातही घोळ होतो. शाळेच्या नोंदीत आडनाव आधी, आधारवर शेवटी, किंवा वडिलांचं नावच नाही. आधार दुरुस्त करायला जाल तेव्हा बायोमेट्रिकही करून घ्या. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर ते पुन्हा द्यावं लागतं आणि १७ वर्षांपर्यंत मोफत आहे.

पुढच्या दोन गोष्टी आत्ताच लिहून ठेवा. अकरावीत शिष्यवृत्ती चालू राहायला दहावीत किमान ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. आणि १८ वर्षं पूर्ण झाली की अज्ञानाचं खातं सज्ञानाचं करून घ्यावं लागतं, नवा फोटो, नवी सही, नवी केवायसी. बारावीच्या ऐन वर्षात खातं अडकतं ते यामुळे.

प्रश्न : वाचनालयात रविवारी तरुणांसाठी पैशाच्या व्यवहारांचा वर्ग घ्यायचा आहे. येणारे बहुतेक संत्र्याच्या बागेत किंवा बांधकामावर कामाला जातात. कुठून सुरुवात करावी? काही जण शेअर बाजार शिकवा म्हणतात.
— कार्यकर्ता, ता. वरुड, जि. अमरावती

उत्तर : पासबुकापासून. पुस्तक किंवा सादरीकरण नको. प्रत्येकाने आपलं पासबुक, घरचं वीजबिल आणि कृषी केंद्राची एक पावती आणायची. पंधरा जणांच्या पुढे वर्ग नेऊ नका, कारण प्रत्येकाच्या कागदाकडे पाहायला वेळ लागतो. दुसऱ्याच्या खात्यातली रक्कम कुणाला दिसू नये म्हणून शिल्लकीच्या रकान्यावर कागदाची पट्टी ठेवायची सवय लावा. त्याशिवाय लाजेने लोक पासबुक आणत नाहीत.

पहिल्या रविवारी फक्त कपात झालेल्या रकमा शोधा. २० रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा अपघात विमा, ४३६ म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती योजनेचा जीवन विमा, दोन्हींचं संरक्षण २ लाखांचं. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे, आणि हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात कापला जातो. नेमकं त्याच वेळी बी-बियाण्यासाठी खातं रिकामं केलेलं असतं. हप्ता कापला जात नाही, संरक्षण संपतं, आणि घरच्यांना ते कळतं दुर्घटना झाल्यावर. २० मेपासून खात्यात ५०० रुपये ठेवायचे, एवढं एक काम वर्गातल्या प्रत्येकाने आपल्या घरात केलं तरी वर्ग कामी आला.

दुसऱ्या रविवारी ठेवी. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. नावात काय लिहिलंय ते पाहायला शिकवा: बँक की पतसंस्था. मग ७२चा नियम. ७२ला वर्षाच्या व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात; ७.२ टक्क्यांनी दहा वर्षं. आता उलटं करा. कुणी २५ महिन्यांत दुप्पट म्हणतो, तर ७२ भागिले २५, महिन्याला २.८८ टक्के. एवढं कमावणारा धंदा कोणता, हे त्या एजंटला विचारायचं. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ पासून आहे, तक्रार पोलिसांत करता येते.

तिसरा रविवार कर्जाला द्या. वर समुद्रपूरच्या ताईंना दिलेला बारा ओळींचा तक्ता तिथे चालेल. पीककर्जही घ्या: ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती धरून व्याज शून्यावर येतं, तारीख चुकली की सवलत जाते. म्हणजे फेडीची तारीख ही सगळ्यात महागडी तारीख आहे.

शेअर बाजार शेवटी, आणि फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या तारखेच्या भावावर केलेले सौदे) तर नकोच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ तोट्यात होते. वर्ग घेणारा कुणी ‘टिप’ देत असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासा.

प्रश्न : ओळखीचा एक जण म्हणतो, तुझं खातं आणि एटीएम वापरायला दे, महिन्याला ३,००० देतो. गावातल्या तिघांनी दिलं आहे. धोका आहे का?
— वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : मोठा धोका आहे. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे फिरवायला अशीच खाती लागतात. तक्रार झाली की पोलीस आधी खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या दारात येतात. खातं गोठवलं जातं. त्यातली मजुरी, अनुदान, शिष्यवृत्ती सगळं अडकतं. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करण्याची धावपळ तुमच्यावर येते.

दिलं असेल तर आजच एटीएम कार्ड बंद करा, नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवा, खात्याशी जोडलेलं सिम त्याच्याकडे असेल तर ते बंद करून तुमचा नंबर नोंदवा. बँकेला लेखी अर्ज द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. मग १९३० या क्रमांकावर फोन करून सगळं सांगा, पैसे मिळाले असतील तर तेही. तुमच्या खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तरीही हाच क्रमांक. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्या तिघांनाही हे दाखवा आणि एकत्रच बँकेत जा, म्हणजे कुणी दबाव आणला तर एकटं पडायला होत नाही.